पिलाताच्या नाण्यावरची वाकडी काठी आणि पळी

नाणेवेडा सांगलीकर

सर्वांना नमस्कार. गेल्या वर्षी जेरुसलेमला जाण्याचा योग आला, तेव्हा तेथील एका परवानाधारक विक्रेत्याकडून निर्यातीच्या परवानगीपत्रासह मी एक लहानसे ब्रॉन्झचे नाणे घेतले. वजन २ ग्रॅमपेक्षा किंचित जास्त, व्यास १५ मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखावर सहज मावेल एवढे. एका बाजूला वाकड्या टोकाची एक काठी आहे, तिचे वरचे टोक शंखाच्या वेटोळ्यासारखे आत वळलेले आहे आणि भोवती ग्रीक अक्षरे आहेत. त्यांपैकी निम्मी अक्षरे चकतीवर उमटलेलीच नाहीत. दुसऱ्या बाजूला पानांची गोल माळ असून तिच्या आत तीन चिन्हे आहेत. पहिली दोन ठळक आहेत, तिसऱ्यावर मात्र कोणीतरी टोकदार वस्तूने खरवडल्याची जुनी खूण आहे. कडेला एका ठिकाणी धातूचे लहानसे शेपूट बाहेर आलेले आहे.

विक्रेत्याने हे ‘पंतय पिलाताचे नाणे’ असल्याचे सांगितले. येशूला क्रुसावर देण्याचा हुकूम ज्याने दिला, तोच हा रोमन अधिकारी. माझे दोन प्रश्न आहेत. पहिला, ही ओळख बरोबर असल्यास नाणे कोणत्या वर्षाचे आहे? दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ही काठी म्हणजे रोमन पुरोहिताची काठी आहे असे मी वाचले आहे. जी प्रजा कोरीव मूर्ती निषिद्ध मानत होती, तिच्या रोजच्या व्यवहारातल्या नाण्यावर परक्या धर्मातील पूजेचे उपकरण छापण्यामागे अधिकाऱ्याचा हेतू काय असावा? तो जाणूनबुजून केलेला अपमान होता, की त्याला त्यात वावगे काही दिसलेच नाही? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

अल्फाबीटा

ओळख बरोबर आहे. काठीच्या भोवतीचा पूर्ण लेख ‘तिबेरिऊ काइसारोस’ असा असतो, म्हणजे ‘तिबिर्य कैसराचे’. तिबिर्य हा तेव्हाचा रोमन सम्राट. त्यात पिलाताचे नाव कोठेही नाही आणि ते त्याच्या कोणत्याच नाण्यावर नसते. आपण त्याला पिलाताचे नाणे म्हणतो ते केवळ वर्षावरून. माळेच्या आतले पहिले चिन्ह रोमन लिपीतल्या ‘एल’सारखे दिसते, परंतु ते अक्षर नसून ‘वर्ष’ या अर्थाची खूण आहे आणि ती इजिप्तमधील ग्रीक लेखनपद्धतीतून आलेली आहे. दुसरे अक्षर इओटा, म्हणजे १०. तिसऱ्या अक्षराने एकक दाखवला जातो. काठीच्या नाण्यांवर तेथे झीटा किंवा इटा असते, म्हणजे ७ किंवा ८. म्हणून आपले नाणे तिबिर्याच्या १७व्या वर्षाचे (इ.स. ३०-३१) किंवा १८व्या वर्षाचे (इ.स. ३१-३२) असले पाहिजे. लूकच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या कार्याचा आरंभ तिबिर्य कैसराच्या १५व्या वर्षी झाल्याचे सांगितले आहे. त्यावरून आपल्या हातातील वस्तू किती जवळच्या काळातली आहे याची कल्पना यावी.

याखेरीज पिलाताने १६व्या वर्षी, म्हणजे इ.स. २९-३० मध्ये, आणखी एक नाणे पाडले होते. त्याच्या एका बाजूला सिम्पुलुम आहे, म्हणजे देवापुढे द्राक्षारसाचे अर्घ्य ओतण्यासाठी रोमन पुरोहित वापरत ते उभ्या दांड्याचे लहान पात्र. भोवती तिबिर्याचे नाव आणि वर्ष आहे. दुसऱ्या बाजूला जवाची तीन कणसे एकत्र बांधलेली असून मधले ताठ उभे आहे आणि बाजूची दोन मान टाकलेली आहेत. त्यांच्याभोवती ‘यूलिया काइसारोस’, म्हणजे ‘कैसराची यूलिया’ असे नाव आहे. ही तिबिर्याची आई लिव्हिया. ती इ.स. २९ मध्ये वारली आणि पुढच्या दोन वर्षांच्या नाण्यांवरून तिचे नाव नाहीसे झाले. दोन ग्रॅम धातूवर राजघराण्यातल्या एका मृत्यूची नोंद अशी राहून गेली आहे. मी जेव्हा जेव्हा ती झुकलेली कणसे पाहतो, तेव्हा क्षणभर थांबतोच.

झीटा आणि इटा यांतला फरक ओळखण्यासाठी एक सूचना. नाणे आडवे धरले गेले तर झीटाच्या आडव्या रेषा उभ्या दिसतात आणि हमखास फसगत होते. म्हणून आधी माळेची गाठ शोधावी, ती खाली येईल असे नाणे धरावे आणि मगच वाचावे.

मृण्मयी

कडेच्या शेपटाबद्दल लिहिते, कारण त्या शेपटात या नाण्यांची सारी घडण साठलेली आहे. या प्रदेशात मऊ चुनखडीच्या पाट्यांवर ओळीने गोल खळगे कोरत आणि ते अरुंद चरींनी एकमेकांना जोडत. आपल्याकडच्या अप्पेपात्रातले खळगे एका रेषेत आणून मध्ये चरी पाडल्या आहेत अशी कल्पना करावी. वितळलेला धातू एका टोकाकडून ओतला की तो खळग्यांमागून खळगे भरत जाई. निवाल्यावर चकत्यांची सलग पट्टी बाहेर निघे, त्या पट्टीवरच एकामागून एक ठसे मारले जात आणि मग छिन्नीने नाणी सुटी केली जात. न तुटलेली जोडनाणी आजही सापडतात. जेरुसलेममध्ये आणि अन्यत्र अशा पाट्यांचे तुकडेही उत्खननात मिळाले आहेत.

ठसे मारणाऱ्याला वेग सांभाळायचा होता, नेमकेपणा नव्हे. त्यामुळे ठसा बाजूला सरकणे, अक्षरे चकतीबाहेर जाणे, दोन बाजूंच्या चित्रांची दिशा न जुळणे हे सारे या नाण्यांत नित्याचे आहे. काही नाण्यांवर काठीचे तोंड उलट दिशेला आहे, तर काहींवर अक्षरेच उलटी कोरलेली आहेत. म्हणून आपल्या नाण्यावरची निम्मी अक्षरे नसणे हा दोष मानू नये. उलट गोल गरगरीत, मध्यभागी नेमका ठसा असलेले आणि कडेभोवती सलग बारीक रेघ दिसणारे नाणे समोर आले तर शंका घ्यावी. ती रेघ बहुधा दोन साच्यांच्या जोडाची असते. यात्रेकरूंना विकण्यासाठी पिलाताच्या नाण्यांच्या ओतीव नकला मोठ्या प्रमाणावर केल्या जातात, आणि त्यांच्या पृष्ठभागावर भिंगाखाली हवेच्या बुडबुड्यांचे बारीक गोल खड्डे दिसतात.

पूर्वपक्ष

आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. माझे मत असे की हा जाणूनबुजून केलेला आघात होता, आणि ते मी तीन गोष्टींच्या आधारे मांडतो.

इ.स. ६ मध्ये हेरोद राजाचा मुलगा अर्खेलाव याला पदच्युत करून रोमने यहूदीया, म्हणजे जेरुसलेमभोवतीचा प्रदेश, थेट आपल्या अधिकाराखाली आणला. तेव्हापासून पिलातापर्यंतच्या अधिकाऱ्यांनी नाण्यांच्या बाबतीत विलक्षण सांभाळून घेतले होते. पहिला अधिकारी कोपोनियस याने जवाचे कणीस आणि खजुराचे झाड एवढेच छापले, आणि त्याच्यामागून आलेल्या अंबिबुलसने तेच चालू ठेवले. वालेरियस ग्रातसने कमळासारखी फुले, झावळी, द्राक्षवेलीचे पान, सुरई, धान्याने भरलेली शिंगे अशी अनेक चित्रे वापरली, परंतु त्यांत रोमन पुरोहिताचे उपकरण एकही नव्हते. पिलात इ.स. २६ मध्ये आला आणि तीन वर्षांत नाण्यावर अर्घ्यपात्र आले, मग लितुअस, म्हणजे शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची काठी आली. या काठीने तो आकाशाचे भाग आखून पक्ष्यांच्या उड्डाणावरून देवांची इच्छा सांगत असे. शकुन पाहणे यहुदी धर्मशास्त्राला स्पष्टपणे निषिद्ध आहे.

दुसरी गोष्ट, हा माणूस मुळातच तसा होता. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो की कैसराच्या प्रतिमा लावलेली सैन्याची निशाणे पिलाताने रात्रीच्या वेळी झाकून जेरुसलेममध्ये आणली. लोक पिलाताच्या ठाण्याला, कैसरियाला, जाऊन पाच दिवस त्याच्या दारी पडून राहिले आणि सहाव्या दिवशी सैनिकांनी वेढले असता त्यांनी जमिनीवर आडवे होऊन माना उघड्या केल्या. अखेर त्याला ती निशाणे परत न्यावी लागली. पुढे त्याने मंदिराच्या निधीतून पाण्याचा कालवा बांधला आणि त्याविरुद्ध जमलेल्या गर्दीत साध्या वेशातले सैनिक पेरून तिला सोट्यांनी झोडपून काढले.

तिसरी गोष्ट, पिलातानंतर कोणत्याही अधिकाऱ्याने ही काठी किंवा ते पात्र पुन्हा छापले नाही. ती चित्रे निरुपद्रवी असती तर ती टाकून देण्याचे कारण काय होते?

नवगावचा प्रवासी

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक यहुदी, समाजाचा आहे. आमचे मूळ घर अलिबागजवळच्या नवगावच्या पंचक्रोशीतले, आणि गेली तीस वर्षे मी अश्दोदला राहतो. घरात आम्ही अजून मराठीच बोलतो. हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

पूर्वपक्ष यांनी सांगितलेल्या घटना खऱ्या आहेत, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष मला उलटा वाटतो. निशाणांचा प्रसंग योसेफस पिलाताच्या कारकिर्दीच्या वर्णनात सर्वांत आधी सांगतो. ज्याने उघड्या केलेल्या मानांची ती रांग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, त्याला कैसराच्या चेहऱ्याची किंमत पुरेपूर कळलेली होती. आता त्याची नाणी पाहा. तिन्ही वर्षांत एकावरही चेहरा नाही, देव नाही, माणूस नाही, प्राणीसुद्धा नाही. जवळच्याच प्रदेशात हेरोदाचा दुसरा मुलगा फिलिप्प आपल्या नाण्यांवर कैसराचे मस्तक आणि मंदिर छापत होता, कारण त्याची बहुतेक प्रजा यहुदी नव्हती. डिवचायचेच असते तर पिलाताला तो नमुना हाताशी होता. नाण्यावर काय आहे हे आपण पाहतो, तसेच काय नाही हेही पाहिले पाहिजे.

शिवाय यहुदी लोकांच्या हातून परकी चित्रे कधी गेलीच नव्हती असे समजणे चुकीचे आहे. स्वतः हेरोद राजाने पिलाताच्या साठ-सत्तर वर्षे आधी पाडलेल्या नाण्यांवर देवळातली तिवई आहे, हर्मीस देवाचा दंड आहे, आणि त्याच्या एका लहान नाण्यावर गरुडही आहे. याहून मोठे उदाहरण भूमध्य किनाऱ्यावरच्या सोर (टायर) नगरीच्या चांदीच्या शेकेलचे. त्याच्या एका बाजूला मेल्कार्त देवाचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूला गरुड होता, तरीही जेरुसलेमच्या मंदिराचा वार्षिक कर याच चांदीत घेतला जाई, कारण तिची शुद्धता खात्रीची होती. ज्या मंदिरात मूर्तीला जागा नव्हती, त्याच्या कोठारात मेल्कार्तचे हजारो चेहरे साठलेले होते.

एक घरगुती गोष्ट सांगतो. आमच्या समाजात एलियाहू हानबींवर, म्हणजे एलिया संदेष्ट्यावर, अपार श्रद्धा आहे. मलिदा करून आम्ही त्यांचे स्मरण करतो आणि अलिबागजवळ खंडाळ्याला ज्या खडकावर त्यांच्या रथाची खूण उमटली असे आम्ही मानतो, तेथे नवस फेडायला जातो. अग्निरथातून स्वर्गात जाणाऱ्या एलियाहूंचे चित्र माझ्या आजीच्या घरात भिंतीवर होते. तिने त्याची पूजा कधी केली नाही आणि ते चित्र धर्माविरुद्ध आहे असेही तिला कधी वाटले नाही. पूजेसाठी केलेली प्रतिमा वेगळी आणि नुसते चित्र वेगळे, हा फरक तिला कोणी शिकवावा लागला नाही. पहिल्या शतकातले जेरुसलेम आजीच्या घराहून पुष्कळ कडक होते हे मान्य, तरी बाजारात भाजी घेणारी बाई सुट्या नाण्यावरची काठी पाहून घाबरली असेल असे मला वाटत नाही.

या नाण्याला आमच्या भाषेत प्रुता म्हणतात. मिश्नामध्ये, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, प्रुता हे इस्सार या इटालियन नाण्याच्या आठव्या भागाइतके सांगितले आहे. चोवीस इस्सारचा एक दिनार, म्हणजे १९२ प्रुता झाले की एक दिनार, आणि दिनार ही मजुराची साधारण एका दिवसाची मजुरी. विवाहाच्या वेळी वराने वधूला किती मूल्याची वस्तू द्यावी यावर शम्माय आणि हिल्लेल या दोन धर्मगुरूंच्या पंथांत मतभेद होता. शम्मायच्या पंथाने एक दिनार सांगितला, तर हिल्लेलच्या पंथाने एक प्रुताही पुरे म्हटले, आणि हिल्लेलचेच मत मान्य झाले. धर्मशास्त्राने ‘पैसा’ म्हणून मोजलेली सर्वांत लहान गोष्ट हीच.

पूर्वपक्ष

सोरच्या शेकेलचा मुद्दा वजनदार आहे आणि त्याचे सरळ उत्तर माझ्याकडे नाही. तरी एक फरक नजरेस आणतो. सोरचे नाणे बाहेरून येत होते, ते कोणी यहुदी प्रजेसाठी पाडलेले नव्हते. पिलाताची नाणी यहूदीयासाठीच होती. आणि चेहरा नसला म्हणजे आक्षेप नसतो असेही नाही. त्याच काळातला अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो लिहितो की पिलाताने जेरुसलेममधल्या हेरोदाच्या महालात तिबिर्याच्या सन्मानार्थ सोन्याचा मुलामा दिलेल्या ढाली लावल्या. त्यांवर एकही आकृती नव्हती, केवळ अर्पणाचा लेख होता. तरीही लोकांनी थेट तिबिर्याकडे तक्रार केली आणि त्याने त्या ढाली कैसरियातील ऑगस्टसच्या मंदिरात हलवण्याचा हुकूम दिला. शिवाय रोममध्ये त्या काळी तिबिर्याचा बलाढ्य अधिकारी सेजानस याची सत्ता होती, फिलो त्याला यहुद्यांचा शत्रू म्हणतो, आणि पिलात हा सेजानसच्या धोरणानुसार वागत होता असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे.

अल्फाबीटा

सेजानसचा मुद्दा नाण्यांच्या वर्षांवरच तपासता येतो. त्याला इ.स. ३१ च्या ऑक्टोबरमध्ये ठार करण्यात आले. तिबिर्याचे १८वे वर्ष इ.स. ३१ च्या उत्तरार्धात सुरू होते, आणि त्या वर्षाच्या नाण्यांवर तीच काठी, तशीच्या तशी आहे. सेजानसच्या इच्छेसाठी काठी छापली असती, तर त्याची नावे जेथून तेथून पुसली जात असताना पिलाताने ती छापत राहण्याचे धाडस केले नसते.

ढालींच्या प्रसंगातून मी वेगळेच वाचतो. १९६१ मध्ये कैसरियाच्या नाट्यगृहात पायरी म्हणून पुन्हा वापरलेला एक चुनखडीचा दगड सापडला. त्यावरच्या अर्धवट लॅटिन लेखात पिलाताचे नाव आहे, ‘प्रिफेक्ट’ हे त्याचे पद आहे आणि ‘तिबेरियम’ हा शब्द आहे, म्हणजे तिबिर्याच्या नावाने उभारलेली एखादी वास्तू. मूळ दगड आज जेरुसलेमच्या इस्राएल संग्रहालयात आहे. वास्तू तिबिर्यासाठी, ढाली तिबिर्यासाठी, आणि नाण्यावर अर्घ्यपात्र व काठी. तिबिर्य इ.स. १५ मध्ये रोमचा मुख्य पुरोहित झाला आणि त्याच्या प्रसिद्ध चांदीच्या दिनारावर ‘पोंतिफ मॅक्सिम’ हे पद कोरलेले आहे. पुरोहितपदाची ही उपकरणे रोमच्या नाण्यांवर पूर्वीपासून होती. हा माणूस खाली यहुद्यांकडे पाहत नव्हता, वर मालकाकडे पाहत होता असे मला वाटते. चेहरा छापता येत नाही, तर चेहऱ्याऐवजी त्याचे पद छापावे, इतपत त्याने मजल मारली.

नाणेवेडा सांगलीकर

अल्फाबीटा यांचे शेवटचे वाक्य वाचून माझ्या मनातला गुंता पुष्कळ सुटला. सिम्पुलुमचे छायाचित्र काल रात्री मोठे करून पाहिले. लहानशी गोल वाटी, तिच्या काठापासून सरळ वर गेलेला बारीक दांडा आणि टोकाशी किंचित वाक. पाहताक्षणी मनात शब्द आला तो पळी. आमच्या देवघरात वडील संध्येला बसत तेव्हा ताम्हन, पंचपात्र आणि पळी समोर असे. आचमनाला पळीतून तळहातावर पाणी घेताना होणारा तो बारीक आवाज अजून कानात आहे. नाण्याच्या वर्णनात ‘रोमन धार्मिक उपकरण’ असे वाचले की ते परके आणि दूरचे वाटते. पळी म्हटले की कळते, हे एखाद्या घरातल्या देवाचे रोजचे भांडे आहे, धमकीचे चिन्ह नव्हे.

आणि त्याच वेळी पूर्वपक्ष यांचे म्हणणेही मला अधिक कळले. समजा आपल्यावर परक्या सत्तेचे राज्य आहे, त्या सत्तेने आपल्याला कर भरायला लावले आहे, आणि रोज हाती येणाऱ्या पैशावर त्यांच्या पूजेतले भांडे आहे. त्यात शिवी नाही, आपला देव कोणी फोडलेला नाही, तरीही पैसे मोजताना प्रत्येक वेळी कोणाचे राज्य आहे हे बोटांना कळत राहते. पिलाताचा हेतू अपमानाचा नव्हता हे मला पटले. ज्याच्या हाती ते नाणे पडले त्याला काय वाटले, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

नवी वाचक

धागा अतिशय माहितीपूर्ण आहे. दोन शंका आहेत. येशूचे मानल्या जाणाऱ्या तुरीन येथील कफनावर, डोळ्यांच्या जागी पिलाताच्या काठीच्या नाण्याचा ठसा दिसतो असे एका माहितीपटात पाहिले होते, ते खरे आहे का? आणि सांगलीकर, तिसरे अक्षर दिसण्यासाठी नाणे चिंचेने किंवा लिंबाने घासून पाहावे का? देवाची तांब्यापितळेची भांडी आम्ही तशीच उजळतो.

मृण्मयी

कृपया नाण्याला चिंच, लिंबू, मीठ, व्हिनेगर यांपैकी काहीही लावू नये. विद्यार्थिदशेत मी स्वतः एका प्राचीन तांब्याच्या नाण्यावर लिंबू आणि मीठ चोळले होते. दहा मिनिटांत ते गुलाबी चकाकीचे झाले आणि त्यावरचा लेख, जो हिरवट थराच्या आधाराने टिकून होता, त्या थराबरोबर कायमचा गेला. आजही त्याची हळहळ वाटते. दोन हजार वर्षे जमिनीत राहिलेल्या नाण्यात मूळ धातूचा वरचा भाग खनिजात बदललेला असतो आणि चित्राचा बारीक तपशील पुष्कळदा त्या थरातच असतो. आम्ल त्यालाच विरघळवते. मिठातले क्लोराइड आत शिरले तर फिकट हिरवी भुकटी सुटू लागते आणि नाणे आतून पोखरले जाते. त्यालाच ब्रॉन्झचा रोग म्हणतात. देवाचे ताम्हन जाड पत्र्याचे असते, ते घासल्याने काही बिघडत नाही, नाण्याचे तसे नाही. ऊर्ध्वपातित पाण्यात काही दिवस भिजवणे, मऊ कुंचल्याने माती सोडवणे, पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुडीसह कोरड्या डबीत ठेवणे, एवढेच घरी करावे. अक्षर वाचायचे असेल तर अंधाऱ्या खोलीत नाणे सपाट ठेवून दिव्याचा प्रकाश जवळजवळ आडवा, एका बाजूने पाडावा आणि नाणे सावकाश फिरवावे. खरवड उथळ असेल तर अक्षराच्या कडेची सावली तिच्या खालूनही दिसते.

कफनाबद्दल थोडक्यात. तो दावा १९३१ च्या छायाचित्रांतल्या कापडाच्या विणीच्या खुणांवर उभा आहे आणि त्या खुणांत अक्षरे पाहणे हा नजरेचा खेळ आहे असे बहुतेक नाणेतज्ज्ञ मानतात. त्या कापडाची १९८८ मध्ये कार्बन पद्धतीने तपासणी झाली, तेव्हा ते इ.स. १२६० ते १३९० या काळातले ठरले.

अल्फाबीटा

पिलातानंतर ही चित्रे का थांबली, या पूर्वपक्ष यांच्या तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर राहिले होते. १८व्या वर्षानंतर पिलातानेही नाणी पाडली नाहीत, तो मात्र इ.स. ३६ पर्यंत अधिकारावर होता. बाजारात पुरेशी खुर्दा नाणी असली की ठसे बंद ठेवणे ही त्या काळची साधी रीत होती. त्यानंतर हेरोदाचा नातू अग्रिप्पा, जो इ.स. ३७ पासूनच शेजारच्या प्रदेशाचा राजा होता, त्याला इ.स. ४१ मध्ये यहूदीयाही मिळाला आणि तो काही वर्षे रोमन अधिकाऱ्यांच्या हातून गेला. त्याच्या ६व्या वर्षाच्या प्रुतावर एका बाजूला जवाची तीन कणसे आहेत आणि दुसऱ्या बाजूला झालर लावलेले छत्र आहे. छत्रपती हा शब्द ज्यांच्या ओठी असतो त्या मराठी वाचकांना ते राजचिन्ह समजावून सांगण्याची गरज नाही. अग्रिप्पा इ.स. ४४ मध्ये वारला आणि पुन्हा रोमन अधिकारी आले. त्यांपैकी फेलिक्सने इ.स. ५४ मध्ये एकीकडे एकमेकांवर ठेवलेल्या खजुराच्या झावळ्या छापल्या, तर दुसऱ्या नाण्यावर एकमेकींवर ठेवलेल्या ढाली आणि भाले. पूजेचे भांडे गेले आणि शस्त्रे आली. यहुदी माणसाला यांतले कोणते अधिक टोचले असेल याचा विचार पूर्वपक्ष यांनी अवश्य करावा.

इ.स. ६६ मध्ये यहुद्यांनी रोमविरुद्ध बंड केले, तेव्हा बंडखोरांनीही याच आकाराची ब्रॉन्झ नाणी पाडली. त्यांवर दोन मुठींची सुरई आणि द्राक्षवेलीचे पान असून भोवती त्या काळी जुनी झालेली हिब्रू लिपी मुद्दाम वापरून ‘सियोनचे (म्हणजे जेरुसलेमचे) स्वातंत्र्य’ असे लिहिले आहे. दुसऱ्या वर्षीच्या सुरईला झाकण नाही, तिसऱ्या वर्षीच्या सुरईला आहे. सुरई आणि वेलीचे पान ही दोन्ही चित्रे ग्रातस या रोमन अधिकाऱ्याच्या नाण्यांवर आधी येऊन गेली होती. परक्याने सांभाळून छापलेली चित्रे त्यांनी आपलीशी केली. पिलाताच्या काठीला किंवा पळीला मात्र त्यांनी हात लावला नाही.

पूर्वपक्ष

ढाली आणि भाल्यांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. काठी टाकून देण्यामागे पश्चात्ताप असावा असे मी गृहीत धरले होते, ते मागे घेतो. अपमानाचा हेतू सिद्ध होत नाही हे मान्य करतो. बंडखोरांनी वेलीचे पान उचलले आणि काठी सोडली, ही नोंद मात्र माझ्या बाजूची समजतो.

नवगावचा प्रवासी

ती नोंद दोघांचीही समजू या. पुढच्या वेळी इकडे आलात तर अश्दोदला आमच्या घरी जरूर या. माझ्याकडे १६व्या वर्षाचे एक नाणे आहे, त्यावरची झुकलेली कणसे हाती घेऊन पाहता येतील.

नाणेवेडा सांगलीकर

आमंत्रणाबद्दल मनःपूर्वक आभार, नक्की येईन. आज पहाटे वीज गेलेली होती, तेव्हा मृण्मयीताईंनी सांगितल्याप्रमाणे नाणे काळ्या कापडावर ठेवले आणि विजेरी जवळजवळ टेबलाला टेकवून धरली. प्रथम माळेची गाठ शोधली. ती मी आजवर वरची बाजू समजत होतो. गाठ खाली आणली आणि नाणे अगदी सावकाश फिरवले. खरवडीच्या डावीकडे एक उभी सावली आली, थोडे आणखी फिरवल्यावर उजवीकडे दुसरी आली, आणि शेवटी त्या दोहोंना मध्यभागी जोडणारी बारीक आडवी रेघ चमकली. वर-खाली आडव्या रेषा नाहीत. इटा आहे. वर्ष १८वे, इ.स. ३१-३२.